पाचवा ढीग

आमच्या बोडीत पाच घरांचा हिस्सा आहे. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला असलेला लहान तलाव. पावसाळ्यात तिचं पाणी धानाला जातं. उन्हाळ्यात ती गुडघाभर उरली की आम्ही मासे काढतो आणि पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, पाच ढीग घालतो. मग एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका ढिगावर काडी टेकवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठ केलेला नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा तो ढीग. मोठे मासे आले तरी त्याचा, नुसते काटे आले तरी त्याचा.

नियम दोनच आहेत आणि ते आमच्या आज्यांच्या वेळचे आहेत. ढीग चुलीमागे एक. घरात माणसं दहा असोत की एक, चूल एक तर ढीग एक. आणि पाचांतल्या एकाचीही ना असली तर जाळं पाण्यात पडत नाही. त्यामुळे आमच्याकडे कधी मतदान झालं नाही. आमच्याकडे चहा होतो. सगळ्यांची हो होईपर्यंत बसून राहायचं. एका वर्षी मासे काढायचा दिवस ठरता ठरता आकाश भरून आलं आणि बोडीही भरली. त्या वर्षी मासे सुखात राहिले.

माझी बायको शकुन पौषात गेली. ताप आला, भंडाऱ्याला नेलं, डॉक्टर म्हणाले उद्या पाहू. उद्या झालाच नाही. एवढंच आहे त्यात सांगण्यासारखं.

तेरवी झाल्यावर बाकीच्या चार घरांनी बसून ठरवलं की मी पाळीनं त्यांच्याकडे जेवायचं. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. आज धनीरामभाऊकडे, उद्या निर्मलाबाईकडे, परवा घनश्यामकडे, तेरवा सत्यभामाबाईंकडे. माझी लाकडाची चूल थंड पडली. गॅसची टाकीही संपली होती, ती मी भरून आणली नाही.

आता चार घरं म्हटली की चढाओढ आलीच. धनीरामभाऊच्या घरी वडे केले हे निर्मलाबाईला कळलं की तिच्याकडे वडे आणि वर खीर. घनश्यामच्या बायकोला खिरीचं कळलं की तिच्याकडे पुरणपोळी. शोकात माणूस वाळतो म्हणतात. माझ्या सदऱ्याची बटणं तुटायला आली. होळीला मुलगी गुड्डी भंडाऱ्याहून आली. बाप खंगला असेल म्हणून वाटेतच रडून आली होती. दारात मला पाहून ती थांबली, म्हणाली, "बाबा, तुमी दुखात आहा का पाहुणचारात?"

वैशाख लागला तशी बोडी आटली. एका सकाळी आम्ही पाच घरचे पाच जण पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसलो. धनीरामभाऊ माझ्याहून मोठा, बोलायला तोच सुरुवात करतो. निर्मलाबाईचा नवरा जंगलकामावर असतो, म्हणून त्यांच्या घरचं मत नेहमी तीच आणते. तो घरी असला तरी तीच आणते. घनश्याम आमच्यात लहान, चाळिशीचा, वरठीच्या कारखान्यात मोटरसायकलनं जातो. आणि सत्यभामाबाई सगळ्यात म्हाताऱ्या. त्यांचं खरं वय त्यांनाही माहीत नाही.

धनीरामभाऊ म्हणाला, "यंदा चार ढीग घालू."

तो माझ्याकडे वळला. "पाह्य मारोत, तुही चूल बंद आहे. ढीग नेऊन तू करशीन काय? मांजरीले घालशीन. त्यापेक्षा तुहा ढीग चार घरी वाटला तं तू चार घरी खाशीन. यात तुहाच फायदा आहे गा."

घनश्यामनं मान हलवली. निर्मलाबाईनं हलवली. सत्यभामाबाई सुपारी चघळत होत्या, त्यात मान हलतच असते. सगळे हलवत होते म्हणून मीही हलवली. ठरलं. चहा झाला आणि आम्ही उठलो.

घरी येऊन खाटेवर पडलो तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. चार ढीग म्हणजे बोडी चार घरांची. ज्या वर्षी पाळ फुटली त्या वर्षी शकुननं डोक्यावर माती वाहिली होती. तिच्या टोपल्यांची माती त्या पाळीत अजून आहे, आणि त्याच पाळीवर आता आमच्या घरचा ढीग नसणार. मासळीचं काही नव्हतं, मासळी मला चार घरी मिळतच होती. पण ढीग गेला म्हणजे घर गेलं. मी गुड्डीला फोन केला. ती म्हणाली, "मंग तं झालंच ना बाबा. आता कायले राहता तिथी? या इकडं." तिनं मायेनं म्हटलं, पण मी लगेच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. पाचवा ढीग पाहिजे, असं प्रत्येकाला घरी जाऊन सांगायचं ठरवलं.

धनीरामभाऊ अंगणात दोर वळत होता. माझं ऐकून म्हणाला, "माही कायची ना गा? मी तं तुह्या भल्याचं बोललो. पण निर्मलाबाईले पटंल का? गोष्ट तं तिनंच काढली होती. बस, चहा घे."

चहा घेऊन मी निर्मलाबाईकडे गेलो.

"मी? मी काय म्हणीन मारोतभाऊ?" ती म्हणाली. "घ्या ना पाचवा ढीग. पण घनश्यामचं पाहा बाप्पा. त्याच्या घरी खाणारे बहुत. चार ढीग म्हटल्यावर कसा फुलला होता त्याचा चेहरा. बसा, चहा ठेवते."

घनश्याम मोटरसायकल पुसत होता. "काका, मले तं मासळी आवडतच नाही. काटे लागते. तुमी दोन ढीग न्या. पण सत्यभामाआजीले विचारा, ते नियमाची पक्की आहे." त्याच्या बायकोनं चहा आधीच गाळला होता.

सत्यभामाबाई ओसरीवर बसून धान पाखडत होत्या. "मी कुठी काय बोलली रे मारोत्या? माह्या तोंडात सुपारी होती. तू धनीरामचं पाह्य. त्याच्या तोंडून शब्द गेला. वापस घ्याचा म्हटलं तं त्याले लाज वाटंल. ए सूनबाई, मारोत्याले चहा दे."

मी पुन्हा धनीरामभाऊच्या अंगणात.

"तू पुन्हा आला का?" तो म्हणाला. "बस, चहा घे."

माझ्या पोटात चहाची बोडी झाली आणि गोष्ट होती तिथंच होती. ना कोणाचीच नव्हती, पण ना होती. ती माझ्यासारखीच या घरून त्या घरी पाळीनं फिरत होती.

घनश्यामला दया आली. त्यानं मोबाईलवर आम्हा पाच घरांचा ग्रुप काढला आणि त्यात विचारलं, ढीग चार की पाच. धनीरामभाऊनं उत्तरात गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवलं. निर्मलाबाईनं चारवरही बोट दाबलं आणि पाचवरही, कोणाला वाईट वाटू नये म्हणून. सत्यभामाबाईंच्या घरचा मोबाईल त्यांच्या नातवाकडे आणि तो नागपुरात. त्यानं तिकडून विचारलं, "कशाचे ढीग?"

शेवटी घनश्यामच्या सुटीच्या दिवशी मीच सगळ्यांना मोहाखाली बोलावलं. उभा राहिलो. मला असं उभं राहून बोलायची सवय नाही.

"मले पाचवा ढीग पाहिजे," मी म्हटलं. "कोणाची ना आहे त्यानं आता सांगा. दुसऱ्याची ना सांगू नका, आपली सांगा."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कोणाचीच नव्हती.

"मंग चार ढीग कोणाले पाहिजे होते?" मी विचारलं.

"निर्मलाबाईले," धनीरामभाऊ म्हणाला.

"मले?" निर्मलाबाई ताडकन म्हणाली. "मी तं आधी एक दिवस बसच्या थांब्यावर एवढंच म्हटलं, मारोतभाऊकडं मासा कोण रांधंल? पुढं म्हणणार होती की मी रांधून देते. तेवढ्यात तुमची बस आली. तुमी धोतर सावरत पळाले."

धनीरामभाऊ विचारात पडला. "मी तुमसरपर्यंत तेच घोकत गेलो. निर्मलाबाईले मारोतचा ढीग जड होऊन राहिला म्हटलं. म्हणून मी तिच्या मनासारखं बोललो."

"आन मले वाटलं तुमच्या मनातलं आहे, म्हणून मी मान हलवली," निर्मलाबाई म्हणाली.

"घनश्याम, तू कायले हलवली रे?" धनीरामभाऊनं विचारलं.

"मी नाही हलवली," घनश्याम म्हणाला. "माझ्या कानाजवळ माशी होती."

म्हणजे बस जरा उशिरा आली असती, किंवा माशी जरा लवकर उडाली असती, तर माझा ढीग शाबूत होता. धनीरामभाऊ आधी हसला. मग निर्मलाबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागली. घनश्याम तर बुंध्याला टेकून घसरत खाली बसला. मी उभा होतो तो बसलो. पौषानंतर मी हसलो नव्हतो आणि ते कसं थांबवायचं हे विसरलो होतो. थांबायचो, धनीरामभाऊच्या तोंडाकडे पाहायचो की पुन्हा सुरू.

सत्यभामाबाई मात्र हसल्या नाहीत.

"झालं का हासून?" त्या म्हणाल्या. "आता ऐका. माही ना आहे."

निर्मलाबाईनं तोंडातला पदर काढला.

"चूल बंद तं ढीग नाही. मी मारोत्याच्या वाईटावर नाही बोलून राहिली. उद्या घनश्यामचा भाऊ नागपूरहून येईल. म्हणंल, मारोतच्या बंद चुलीले ढीग देला, तं माह्या बंद चुलीले कायले नाही? सांगा, मंग किती ढीग घालसान? एकेकाच्या वाट्याले एकेक झिंगा येईल."

म्हातारीचं बरोबर होतं.

"मंग मी पेटवतो चूल," मी म्हटलं.

"आजी, गॅस चालंल का?" घनश्यामनं विचारलं. "मी टाकी आणून देतो काकाले."

"त्याचा धूर निघते का?"

"नाही."

"मंग चूल पेटली हे मले माह्या ओसरीवरून कसं दिसंल?" त्या माझ्याकडे वळल्या. "आन पेटवून वर ठेवशीन काय, दगड? बोडीतला मासा रांध. आमी चौघं तुह्या घरी जेवतो. मंग बोलतो."

मला हे मान्य होतं. सगळ्यांनाच मान्य होतं. उठून चार पावलं गेलो तेव्हा निर्मलाबाई थांबली. "पण मासा आणाचा कुठून?"

"बोडीतून," धनीरामभाऊ म्हणाला.

"जाळं कसं टाकसान? आजीची ना आहे."

खरंच की. आजीची ना मिटल्याशिवाय जाळं पडणार नव्हतं. मासा रांधल्याशिवाय आजीची ना मिटणार नव्हती. आणि जाळं पडल्याशिवाय मासा मिळणार नव्हता. आम्ही परत मोहाखाली जाऊन बसलो. धनीरामभाऊनं डोकं धरलं. घनश्यामनं हे बोटांवर मांडून पाहिलं, तरी ते गोल गोलच फिरत होतं.

"मी तुमसरच्या बाजारातून आणतो मासा," तो म्हणाला.

"मंग ढीगही बाजारातच माग म्हणा त्याले," सत्यभामाबाई म्हणाल्या.

निर्मलाबाई बोडीकडे पाहत होती. हळूच म्हणाली, "नियम जाळ्याचा आहे. हाताचा नाही."

आम्ही सगळे आजींकडे पाहू लागलो. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"हाताचं तं कोणी बोललं नाही कधी," त्या म्हणाल्या.

आमच्या वयाची माणसं चिखलात उतरून हातानं मासा धरायला लागली की काय होतं, ते गावानं त्या दिवशी पाहिलं. वाटेनं जाणारे थांबले. कोणीतरी सायकल आडवी टाकून पाळीवर बसलं. पाणी पोटऱ्यांपर्यंत, खाली चिखल गुडघ्यापर्यंत. धनीरामभाऊनं धोतराचा काचा मारला आणि पहिल्याच पावलाला त्याची चप्पल चिखलानं ठेवून घेतली. निर्मलाबाईनं लुगडं खोचलं आणि हुकूम सुरू केले. "तिकडून घेरा. अठी आणा. घनश्याम, तू बायकोसारखा काय उभा?"

"बायको असती तं मासा धरला असता तिनं," घनश्याम म्हणाला.

मोठा मरळ होता. चिखलात दडून बसणारी ही जात, अंगाला तेल लावल्यासारखी बुळबुळीत. तो माझ्या दोन्ही पायांमधून गेला. मी वाकलो तोवर धनीरामभाऊकडे. धनीरामभाऊनं तो धरला, अगदी छातीशी धरला आणि ओरडला, "सापडला गा." ते ऐकल्यासारखा मरळ त्याच्या सदऱ्यात शिरला. पुढं धनीरामभाऊ जे नाचला तसं आमच्या मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाचातही कोणी नाचत नाही. सदरा फाटला, मासा खाली पडला, आणि त्याला पकडायला घनश्याम आणि मी एकदम झेपावलो. आम्ही एकमेकांना पकडलं.

"सोड मले," मी म्हटलं.

"तुमी सोडा काका."

मी सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर पडलो असतो. मग दोघंही पडलो.

तेवढ्यात पाळीवरून बूड नसलेली जुनी टोपली आली, आणि टोपलीमागं सत्यभामाबाई. लुगडं भिजू नये म्हणून एका हातात धरलेलं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पाणी जिथं हललं तिथं टोपली पालथी दाबली, वरून हात घातला आणि मरळाला कल्ल्याखाली धरून बाहेर काढला.

"हा घे," त्या मला म्हणाल्या. "आता रांध. पण माही ना अजून आहे, ध्यानात ठेव."

घरी येऊन मी चुलीपुढं बसलो. चौघांना सांगितलं, उंबरा ओलांडायचा नाही. चूल माझी आहे हे दाखवायचं होतं, तर हात दुसऱ्याचा नको. ते चौघं चिखलानं माखलेले दारात ओळीनं बसले.

काटक्या धुपत होत्या. धूर छपरातून वर जायच्या ऐवजी माझ्या डोळ्यांत जात होता. मरळ हातात राहत नव्हता. सत्यभामाबाई दारातून म्हणाल्या, "राख लाव त्याले. राखेशिवाय धरता येत नाही तो."

राख कुठून आणायची? चूल तर आत्ता पेटत होती. मग मला मोरीजवळचा डबा दिसला. भांडी घासायला शकुन चुलीतली राख गाळून त्यात भरून ठेवायची. झाकण काढलं. डबा अर्धा भरलेला होता. मऊ राख, पिठासारखी. तिच्या शेवटच्या स्वयंपाकाची राखही त्यात वरच असणार. मी तसाच बसून राहिलो.

काय झालं ते निर्मलाबाईला कळलं असावं. ती म्हणाली, "मी आणू का माह्या घरून राख?"

"नको," सत्यभामाबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "मारोत्या, तिनं ते राख कामासाठीच ठेवली होती."

मी हात घातला. राख लावल्यावर मासा हातात आला. खवलं काढली, तुकडे केले. तेलात कांदा लाल केला, जरा जास्तच लाल केला. तिखट, हळद, मीठ टाकलं. पाणी ओतलं आणि अडलो. माशाला आंबट लागतं. शकुन काय टाकायची?

"चिंच," धनीरामभाऊ म्हणाला. "शकुनबाई चिंचच टाके. आमच्याच झाडाची नेत होती."

"कैरी," निर्मलाबाई म्हणाली. "दर उन्हाळ्यात माह्याकडून कैऱ्या नेत होती. मी काय खोटं बोलते?"

"टमाटर," घनश्याम म्हणाला. "काकू मलेच सांगे, येताना टमाटर आणजो."

तिघंही जिवावर उदार झाल्यासारखे भांडू लागले. मग मला विचारलं, "मारोत, तू सांग ना गा. तू खात होता."

मी इतकी वर्षं खाल्लं होतं. मला सांगता येईना. ताटात यायचं, मी खायचो, चांगलं लागायचं. मी कधी विचारलं नाही. तिघांनी आपापलं घरून आणून उंबऱ्यावर ठेवलं होतं, गंजात रस्सा उकळत होता. कोणाची ना नको म्हणून मी तिन्ही टाकलं. चिंच, कैरी, टमाटर.

जेवायला बसल्यावर पहिला घास घेतला तो धनीरामभाऊनं. त्याचा एक डोळा मिटला आणि उघडेचना. घनश्यामनं पाणी पिलं, मग माझंही पिलं. निर्मलाबाई म्हणाली, "चांगलं झालं आहे," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी घास घेतला. दात जागच्या जागी हलले. कोणाला काही बोलता येत नव्हतं, आणि न बोलता आल्यामुळं पुन्हा हसू फुटलं. धनीरामभाऊ मिटल्या डोळ्यानं हसत होता.

सत्यभामाबाई एकट्या शांत जेवत होत्या. काटा काढायच्या, भात कालवायच्या. म्हणाल्या, "काय भांडता रे तिघं? तिच्या घरात ज्या दिवशी जे राहे ते टाके ते. मी पाहिलं आहे." मग माझ्याकडे ताट सरकवलं. "वाईट झालं आहे. भात वाढ."

मी भात वाढला.

"आजी, मंग ढीग किती?" घनश्यामनं विचारलं.

"जेवून राहिली ना मी? दिसत नाही का?" त्यांनी बाहेर पाहिलं. माझ्या छपरावरून धूर अजून निघत होता, त्यांच्या ओसरीपर्यंत गेला होता. "धूर तं निघाला. पाच घाला."

जाळं पडलं त्या दिवशी पाळीवर पाच ढीग लागले. सत्यभामाबाई पाठ करून बसल्या, घनश्यामनं काडी घेतली. पहिला ढीग धनीरामभाऊचा निघाला, त्यात दोन मोठे कतला. मग एकेक नाव घेत गेल्या. माझं नाव निघालं ते सगळ्यात फुटक्या ढिगावर. बोटाएवढी काटेरी मासळी, झिंगे, आणि एक खेकडा, जो आपल्या पायानं निघून चालला होता.

पाळीवर जो हशा झाला तो विचारू नका. धनीरामभाऊ म्हणाला, "मारोत, माह्यातला एक कतला घे." निर्मलाबाई तिचा रोहू द्यायला निघाली. घनश्याम म्हणाला, पुन्हा पाठ करून बसू, त्यात काय आहे.

"नाही," मी म्हटलं. "माझा ढीग आहे. खेकडा धरा तेवढा."

शेल्यात मासळी बांधून मी निघालो. धनीरामभाऊ मागून येत होता. म्हणाला, "आज आमच्याकडं पाळी आहे तुही. तुह्या वहिनीनं वडे काढले आहे."

"आज नाही येत भाऊ. माझ्याकडे रांधतो."

"मंग आमी येऊ का जेवाले?"

"नको."

तो थांबला. त्याला वाईट वाटलं असेल की आनंद झाला असेल, ते त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. कालच्या चिंचेचा असर अजून होता. मग म्हणाला, "बरं गा. धूर पाहू आमी," आणि आपल्या गल्लीला वळला.

ती बारीक मासळी साफ करता करता ऊन डोक्यावर आलं. घरात आंबट म्हणून काय आहे ते शोधलं तर एका बरणीत वाळलेली बोरं सापडली. ती टाकली. भात खालून थोडा करपला. काटे फार होते, एकेक काढत सावकाश जेवलो. चालते, मी म्हटलं. विचारायला घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून एकदा शकुनलाही विचारलं. तिचीही ना आली नाही.